कुंपणाकडचा क्रूस

प्रिय बुर्गा,

तुझं पत्र मिळालं. इतिहास मंडळाच्या छापील कागदावर, वर नांगराचं चित्र आणि खाली ‘माननीय श्रीमती माथिल्डा झायफर्ट यांस’. मला! जिनं तुझ्या केसांतल्या उवा काढल्या, तुला सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेतले, ती आता माननीय श्रीमती झाली. लिफाफा हातात देताना पोस्टमन रेमंडसुद्धा गालात हसत होता. म्हणाला, “काय टिल्डी, बहीण चार घरं सोडून राहते आणि टपालानं पत्र पाठवते? भांडलात की काय?” मी म्हटलं, “अजून नाही, पण भांडणार आहोत.” म्हणून मीही टपालानंच उत्तर पाठवतेय, तिकीट लावून. खरं तर काल कोट चढवून तुझ्याकडे यायला निघाले होते. धान्याच्या कोठारापर्यंत आले आणि मागे फिरले. समोर आलीस तर मी ओरडणार, मग तू तुझं ते मुख्याध्यापिकेचं तोंड करणार, आणि मूळ गोष्ट तशीच राहून जाणार. कागदावर निदान मधे मधे बोलायला तू नसतेस.

तुझ्या निमंत्रणाचं आधी सांगून टाकते. वसाहतकार दिनाला बिशप येणार, बँड वाजणार, संग्रहालयापासून चर्चपर्यंत मिरवणूक निघणार आणि ‘अनाम बालकाचा क्रूस’ हातात घेऊन सगळ्यात पुढे चालायचा मान लोहार रोखुस यांची सर्वांत मोठी नात म्हणून मला मिळणार. मग बिशप त्या क्रूसावर पवित्र पाणी शिंपडणार. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही येणार मी, बुर्गा. मिरवणुकीला नाही, जेवणाला नाही आणि नूडल-सूपाच्या हंड्यापाशी उभी राहायलासुद्धा नाही. आणि फक्त नाही म्हणून मी थांबणारही नाही. तो छोटा क्रूस मला परत हवाय. मला घरी ठेवायला नको. जिथून उपटलात तिथे, जुन्या दफनभूमीच्या उत्तरेकडच्या कुंपणापाशी, पुन्हा रोवलेला हवा. वसाहतकार दिनाच्या आधी.

आता तू म्हणशील, टिल्डीला मंडळाचं पहिल्यापासून वावडंच आहे. हे मात्र खोटं. तू मिनियापोलिसच्या शाळेतली नोकरी सोडून परत आलीस आणि म्हणालीस की आपण काही केलं नाही तर ओडेसाकडून इथवर आलेल्या आपल्या जर्मन माणसांचं नावसुद्धा कुणाला आठवणार नाही, तेव्हा तुझ्यामागे पहिली कोण उभी राहिली? चर्चच्या तळघरातल्या पहिल्या सभेला आपण चौघंच होतो. तू, मी, माझा नवरा पायस आणि तो बहिरा बाल्थाझर, जो आपण शेतकी संघाच्या सभेला आलोय असं समजून बसला होता. आईची लाकडी पेटी मी दिली. कणीक मळायची काथवट मी दिली. आजीची शाल दिली, जिला आजही कोमट दुधाचा वास येतो. रेल्वे स्टेशन बंद पडलं तेव्हा ते संग्रहालयासाठी मिळवायला तू राजधानीत खेटे घातलेस आणि मी इथे बसून फळांचे कूखेन केक भाजून विकले. माझ्या हातांना महिनाभर आलुबुखाराचा रंग होता. तेव्हा जुनं जपण्याबद्दल मला शिकवू नकोस. मलाही जपायचंच होतं.

लोखंडी क्रूस संग्रहालयात आणायलाही माझा विरोध नव्हता. जुन्या वस्तू विकणारे ते लोक ट्रक घेऊन येतात आणि आपल्या आजोबांनी ठोकलेला क्रूस उद्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात भिंतीवर लागतो, हे मलाही सहन होत नव्हतं. त्या उन्हाळ्यात तीन चोरीला गेले तेव्हा मी स्वतः शेरीफला फोन करून शिव्या घातल्या होत्या. म्हणून तू प्रत्येक घराण्याला विचारलंस, त्यांनी हो म्हटलं आणि मूळ जागी ग्रॅनाइटचा लहान दगड बसला, नाव कोरून. ते रीतसर झालं. पण त्या सभेत तू शेवटी म्हणालीस, “राहिला तो कुंपणाकडचा छोटा. त्याला वारस कुणी नाही, त्यामुळे विचारायचा प्रश्न नाही.” मी उठून उभी राहिले. आठवतंय ना? मी म्हटलं, “तो राहू दे. त्याला हात लावू नका.” तू हसलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, “आमच्या टिल्डीला प्रत्येक गोष्ट गंजू द्यायला आवडते. तिचा ट्रॅक्टर बघा.” सगळे हसले. पायस जाऊन तेव्हा महिना झाला होता आणि ट्रॅक्टर त्याचा होता. मी खाली बसले. हात वर करून मतं मोजली गेली आणि आजोबांच्या हातचा सगळ्यात छोटा क्रूस मंडळाचा झाला.

मग तुझा तो राजधानीचा तज्ज्ञ आला. तरुण, नीटनेटका, पातळ रबरी हातमोजे घालणारा. माणूस वाईट नव्हता, माझ्या हातचे कणकेचे गोळे घातलेलं सूप त्यानं दोनदा मागून घेतलं. त्यानं सांगितलं की क्रूसांवर चढलेला चंदेरी रंग हा नंतरच्या अडाणी लोकांचा उपद्व्याप आहे, मूळ लोखंड वर यायला हवं. उपद्व्याप! दर मे महिन्यात, स्मृतिदिनाच्या आधीच्या शनिवारी, गावातलं प्रत्येक घर ब्रश आणि डबा घेऊन त्या टेकडीवर जात होतं. आई आजीच्या क्रूसाला रंग देताना तिच्याशी भांडायची, हे तू विसरलीस? “घ्या सासूबाई, यंदाही मीच आले, तुमची लाडकी लेक नाही आली.” आपण पोटं धरधरून हसायचो. वाऱ्यानं चंदेरी ठिपके तोंडावर उडायचे. घरी येऊन रॉकेलनं गाल पुसावे लागायचे. तो रंग म्हणजे आपलं येणं होतं, बुर्गा. वर्षातून एकदा आपण तिथे आलो होतो याचा तेवढाच पुरावा. आणि तुम्ही तो वाळूचा मारा करून एका दुपारात उडवून टाकलात. मोठ्या क्रूसांवर नावं तरी छिन्नीनं कोरलेली होती, ती राहिली.

त्या छोट्यावर मात्र काहीच राहिलं नाही. आणि मग तुझं ते भाषण! शिशिरातल्या सॉसेजच्या जेवणात तू माईक हातात घेतलास आणि चेहरा असा उजळलेला की मला क्षणभर तुझी कीवच आली. तू सांगितलंस की तज्ज्ञांना छोट्या क्रूसावर चंदेरी थरांच्या आत निळे थर सापडले आहेत, एक नाही, अनेक. यावरून असं दिसतं की आपले आद्य वसाहतकार लहान मुलांचे क्रूस निळे रंगवत, स्वर्गाचा रंग म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेली लिओकाडिया डोळे पुसत म्हणाली, “अगं, माझी आजी पण असंच काहीतरी सांगायची.” तिची आजी काय सांगायची! तिची आजी जन्मभर सूर्यफुलाच्या बिया फोडत दुसऱ्यांच्या सुनांना नावं ठेवायची. असली रीत आपल्यात कधीच नव्हती. ना ओडेसाकडे, ना इथे. तो निळा रंग माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचा होता. डबा अजून तळघरात आहे, हवं तर झाकण उघडून बघ.

तू विचारशील, मग तेव्हाच का नाही उठलीस. मी उठलेच नाही असं तुला वाटतं, पण मी उठून बाहेर गेले होते. दारामागच्या कोटांमध्ये तोंड खुपसून उभी होते. परत आले तेव्हा तू पुढची घोषणा करत होतीस.

त्यानंतर तू ती पाटी लिहिलीस. तुझं लिखाण चांगलंच असतं, शाळेतली सवय. ‘पहिल्या हिवाळ्यात, मातीच्या घरात, बर्फाच्या वादळात जन्मलेलं आणि त्याच वादळात गेलेलं एक अनाम बालक. त्याच्या आईवडिलांनी पुढे पश्चिमेची वाट धरली असावी.’ असावी! कुठून आणलंस हे? त्या आईनं कुठलीही वाट धरली नाही. पण बसमधून उतरणाऱ्या बायका त्या पाटीपुढे रडतात. मागच्या ऑगस्टमध्ये मी तिथे तिकिटाच्या खिडकीत बसले होते, तुझ्याच विनंतीवरून. एक बाई माझ्याकडे येऊन म्हणाली, “बिचारीला पोरगं सोडून जाताना काय वाटलं असेल हो?” मी म्हटलं, “ती सोडून गेली नाही.” ती म्हणाली, “पाटीवर तसं लिहिलंय.” पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून तू तो क्रूस भांडी पुसायच्या फडक्यांवर छापलास. निळ्या शाईत. आता अख्ख्या कांडेल गावात लोक त्या क्रूसानं ताटं पुसतात. नाताळला तू मलाही दोन दिलीस, फीत बांधून. मी ती चुलीत घातली. तुला सांगितलं, छान आहेत.

आता तुझ्या तज्ज्ञाची आणखी एक चूक. त्यानं लोखंड तपासून सांगितलं की क्रूस वसाहतीच्या अगदी सुरुवातीचा आहे. लोखंड सुरुवातीचंच आहे. आजोबा ज्या गाडीतून पणजीला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला घेऊन रेल्वेच्या शेवटच्या थांब्यापासून इथवर आले, त्या गाडीच्या चाकावरची ती लोखंडी धाव आहे. त्यांनी ती आयुष्यभर लोहारशाळेच्या भिंतीला टांगून ठेवली होती, कुणी मागितली तर अंगावर धावून जायचे. पण ठोकला तो दुसऱ्या महायुद्धाच्या नंतरच्या फेब्रुवारीत. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस आणि नन्सच्या शाळेत राहायला होतीस. तोवर लोकांना ग्रॅनाइटचे दगड आवडू लागले होते, आजोबांकडे कुणी क्रूस मागायला येत नव्हतं. भट्टी बंद पडून वर्षं लोटली होती, भात्यात उंदरांनी घर केलं होतं. त्यांचे हात संधिवातानं वाकडे झाले होते, चमचा धरताना सांडायचं. त्या माणसानं भात्याला पोत्याचं ठिगळ लावलं, भिंतीवरची धाव खाली काढली आणि भट्टी पेटवली. पायस भाता ओढायला गेला होता. त्यानं मला सांगितलं की आजोबा सबंध दिवसात एकच वाक्य बोलले. “लहान आहे, म्हणून काम कमी नसतं.” त्यांच्या तरुणपणीचा नमुना त्यांनी वापरला, टोकांना सूर्यकिरणं आणि मधोमध पत्र्याचं हृदय. म्हणून तो जुना वाटतो. हृदयावर नाव कोरायला छिन्नी हातात घेतली, तेव्हा फादर दारात उभे होते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि आजोबांनी छिन्नी खाली ठेवली.

एव्हाना तुला कळलं असेल. तू हुशार आहेस, फक्त माणसांच्या बाबतीत थोडी उशिरा. ती माझी मुलगी होती, बुर्गा. माझी आणि पायसची.

त्या वेळी पोटुशी बाई एप्रनवर एप्रन घालून हिंडायची आणि घरातल्या मुलांना काही सांगायची पद्धत नव्हती. तू सप्टेंबरात शाळेला गेलीस तेव्हा तुला कळण्यासारखं काही नव्हतं, आणि ईस्टरला आलीस तेव्हा सगळं आवरलेलं होतं. आईनं तुला सांगितलं, टिल्डीला फ्लू झाला होता. मुलगी पूर्ण दिवसांची होती. केस काळेभोर, पायससारखे. रस्ते बर्फानं बंद होते. दाई पोचली, फादर पोचले नाहीत, आणि पोचले असते तरी उपयोग नव्हता कारण ती रडलीच नाही. आत्ता असतं तर काय काय करतात देव जाणे. फादर दुसऱ्या दिवशी घसरगाडीतून आले आणि दारातच टोपी न काढता म्हणाले की बाप्तिस्मा नाही तर पवित्र जमीन नाही, आणि कोरलेलं नावही नाही. पायस त्यांना म्हणाला, “फादर, जमीन सहा फूट गोठली आहे. पवित्र काय नि अपवित्र काय, कुदळीला सगळी सारखीच.” आईनं त्याला गप्प केलं. तिला कुंपणाच्या बाहेर पुरलं. मी गेले नाही, मला बिछान्यातून उठू दिलं नाही. आई माझ्या उशाशी बसून म्हणाली, “आता ह्याच्यावर बोलायचं नाही. झालंच नाही असं समज. पुढचं मूल होईल.” पुढचं झालं नाही. ते तुला माहीत आहे. तू एकदा थट्टेनं म्हणालीसही की टिल्डी आणि पायसनं पोरांऐवजी डुकरं पाळली.

त्या उन्हाळ्यात आजोबांनी आणि पायसनं जाऊन क्रूस रोवला. कोरायचं नाही, असं सांगितलं होतं. रंगवायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून दर मे महिन्यात मी सगळ्यात शेवटी त्या क्रूसाकडे जायचे, आधी निळ्या रंगानं पत्र्याच्या हृदयावर तिचं नाव लिहायचे, आणि ते जरा सुकलं की वरून चंदेरी हात मारायचे, म्हणजे फादरना दिसायला नको. पायस डबा धरून माझ्या आणि वाटेच्या मध्ये उभा राहायचा आणि मोठ्यानं हवेबद्दल बोलायचा. “पश्चिमेकडे भरून आलंय बघ.” आकाशात ढगाचा पत्ता नसायचा. मागून ते फादर गेले, दुसरे आले, तिसरे आले, पण मला पद्धत मोडवली नाही. मग पायस दफनभूमीच्या समितीवर गेला आणि कुंपणाची तार बदलायची वेळ आली, तेव्हा त्यानं उत्तरेकडचे खांब हातभर बाहेर सरकवून रोवले. कुणाला काही बोलला नाही. संध्याकाळी घरी येऊन हात धुताना मला म्हणाला, “ती आता आत आहे.” बस्स. आम्ही दोघं जेवायला बसलो. आपले आद्य वसाहतकार जमिनी कशा मिळवत होते याचं तू मोठं दालन केलं आहेस संग्रहालयात. माझ्या नवऱ्यानं मिळवलेली ती हातभर जमीन त्यात नाही.

मला राग कुणाकुणाचा आहे ते सांगू? त्या फादरांचा आहे, ते कधीच मेले. आईचा आहे, तीही गेली, आणि तिच्या क्रूसाशी भांडायला मला तिच्यासारखं जमत नाही. मागच्या वर्षी आपल्या या नव्या तरुण फादरांनी प्रवचनात सहज सांगून टाकलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलांबद्दलचं ते जुनं सगळं आता कुणी मानत नाही, देव दयाळू आहे. एवढं बोलून ते पॅरिशच्या मोटार पार्किंगच्या सूचनेकडे वळले. मी बाकाची कड इतकी घट्ट धरली की नख मोडलं. देव तेव्हाही दयाळूच असणार ना? मग मला का नाही कुणी सांगितलं? पण सगळ्यात जास्त राग तुझा आहे. बाकीच्यांनी निदान ती कुणीच नाही एवढंच म्हटलं. तू तिच्या जागी दुसरंच मूल आणून बसवलंस. वादळ दिलंस, मातीचं घर दिलंस, सोडून जाणारी आई दिलीस. लोक त्या मुलासाठी रडतात, आणि माझ्या मुलीसाठी रडणारं मी सोडून आता कुणी उरलं नाही. आणि आता म्हणे बिशप येणार. ज्या लोखंडाला फादरनी नाव लागू दिलं नाही, त्यावर बिशप पाणी शिंपडणार, कारण ते तुझ्या गोष्टीतल्या पोराचं आहे. आणि तो क्रूस धरून बँडच्या तालावर मी चालायचं!

तुला माहीत नव्हतं, हे मला कळतं. लिहिता लिहिता ते मला जास्तच कळायला लागलंय आणि त्याचाही राग येतोय. तू परत आलीस त्या पहिल्या मे महिन्यात आपल्याबरोबर रंगवायला आली होतीस आणि कुंपणाकडे बोट दाखवून विचारलंस, “हा कुणाचा?” पायस म्हणाला, “एका बाळाचा.” तू ‘आई गं’ म्हणालीस, माझ्या हातातून ब्रश घ्यायला लागलीस, “दे, ह्याला मी लावते.” मी ब्रश सोडला नाही. तू नाक मुरडून निघून गेलीस. मला वाटलं होतं, तू पुन्हा एकदा विचारशील. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. सबंध जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांच्या दारात टेपरेकॉर्डर घेऊन बसतेस तू, त्यांच्या गाढवांचीसुद्धा नावं विचारतेस. माझ्या दारात कधी बसली नाहीस.

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगते. नुसतं भांडायचं असतं तर बेकरीत सगळ्यांसमोर भांडले असते, तुला ते जास्त लागलं असतं. पण जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणी ऐकायला नको. तिचं नाव वाल्बुर्गा होतं. तुझं नाव. आपल्यात बाप्तिस्म्याला जी धर्ममाता होते तिचंच नाव मुलीला ठेवतात, आणि मी पायसला पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं की मुलगी झाली तर धर्ममाता आपली बुर्गा, मग ती तेरा वर्षांची असो नाहीतर तीन. पायस म्हणाला होता, “पोर पोराला काय सांभाळणार?” मी म्हटलं, “आमची बुर्गा सांभाळेल.” एवढी वर्षं मी दर मे महिन्यात तुझंच नाव लिहीत आले. आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, पाटी लिहायची गरज नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी आई बिछान्यातच असते, ती जात नाही. घरातून मुलाला उचलून नेते ती धर्ममाता, दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. तेव्हा तज्ज्ञ नको, समिती नको, बिशप नको. येत्या शनिवारी सकाळी संग्रहालय उघडायच्या आधी क्रूस जखडलेले ते बोल्ट सोड, आणि तिला तुझ्या हातांनी उचलून टेकडीवर घेऊन ये. मी कुंपणापाशी उभी असेन.

तुझीच,
टिल्डी